नोड, डेनो की बन: बॅकएंडसाठी जावास्क्रिप्ट रनटाइम कसा निवडावा

नोड, डेनो आणि बन हे जावास्क्रिप्टचे रनटाइम, म्हणजे ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे प्रोग्राम. त्यांची चर्चा बहुतेक वेळा एका आलेखापासून सुरू होते. सेकंदाला कोण किती रिक्वेस्ट झेलतो, याच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी काढलेल्या असतात आणि ज्याची पट्टी सर्वांत लांब तो जिंकतो. अशाच एका आलेखाच्या भरवशावर आम्ही एकदा एक चालती सेवा दुसऱ्या रनटाइमवर नेली. कोड एका दुपारीच चालू झाला. पुढचे तीन आठवडे मात्र कनेक्शन मधेच का तुटतात, मॉनिटरिंगच्या पडद्यावर अर्ध्या रिक्वेस्ट का दिसत नाहीत आणि मोजक्या लोकांचं लॉगिन का होत नाही, हे शोधण्यात गेले. यातलं काहीही त्या आलेखात नव्हतं, असणारही नव्हतं.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आपल्या सेवेतल्या कोणत्या गोष्टी बदलता येणार नाहीत, हे आधी पाहायचं. त्या गोष्टी कोणत्या रनटाइमवर नीट चालतात, ते त्यानंतर. वेगाची मोजणी शेवटाकडे, आणि तीही आपल्याच कोडवर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. छोट्या सेवेसाठी हे सगळं दोन-तीन दिवसांत होतं.

आधी तिघांची आतली घडण

नोड २००९ मध्ये रायन डाल यांनी आणला. जावास्क्रिप्ट चालवायला गूगलचं व्ही८ इंजिन आणि नेटवर्क, फाइल, टायमर यांची कामं सांभाळायला लिबयूव्ही ही सी भाषेतली लायब्ररी, अशी त्याची जोडणी आहे. तुमचा कोड एका थ्रेडवर चालतो आणि इव्हेंट लूप एकेका कामाला पुढे ढकलतो. फाइल वाचणं, पासवर्ड हॅश करणं (परत उलगडता येणार नाही अशा रूपात बदलणं), कॉम्प्रेशन अशी काही कामं मागच्या थ्रेड पूलकडे जातात. त्या पूलमध्ये मुळात चारच थ्रेड असतात. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डेनोही रायन डाल यांचाच. २०१८ मध्ये एका परिषदेत त्यांनी नोडच्या रचनेत आपल्याला खुपणाऱ्या गोष्टी जाहीरपणे सांगितल्या आणि त्याच भाषणात डेनो दाखवला. इंजिन तेच, व्ही८. बाकीचा सांगाडा रस्ट भाषेतला. मे २०२० मध्ये १.० आवृत्ती आली. सुरुवातीला डेनोने एनपीएमकडे, म्हणजे नोडच्या पॅकेजच्या साठ्याकडे, पाठ फिरवली होती आणि मोड्यूल थेट यूआरएलवरून आणायचा आग्रह धरला होता. तो आग्रह हळूहळू सुटला. ऑक्टोबर २०२४ च्या २.० आवृत्तीपासून पॅकेज.जेसन (प्रोजेक्टच्या पॅकेजची यादी) आणि नोड-मोड्यूल्स फोल्डर (उतरवलेली पॅकेजेस) दोन्ही त्याला सरळ समजतात. त्याआधीचे डेनोविषयीचे लेख वाचून मत बनवलं असेल तर ते एकदा तपासून घ्या.

बन जॅरेड समनर यांचा. सप्टेंबर २०२३ मध्ये १.० आला, एप्रिल २०२४ च्या १.१ मध्ये विंडोजला पूर्ण आधार मिळाला. हा झिग भाषेत लिहिला गेला आणि त्याचं इंजिन व्ही८ नाही. सफारी ब्राउझरच्या मागचं जावास्क्रिप्टकोर तो वापरतो. वेगळ्या इंजिनचा अर्थ असा, की भाषा तीच राहते पण मेमरी मोकळी करण्याची पद्धत, प्रोफाइलिंगची साधनं आणि सी++ मध्ये लिहिलेल्या जोडण्या यांचं वागणं बदलतं.

चौथा पर्याय एज, म्हणजे वापरणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरवर कोड चालवणाऱ्या, प्लॅटफॉर्मचा. क्लाउडफ्लेअर वर्कर्समध्ये प्रत्येक सेवा व्ही८ च्या एका छोट्या आयसोलेटमध्ये (इतरांपासून वेगळ्या कप्प्यात) चालते आणि तिला १२८ एमबी मेमरी मिळते. रिडायरेक्ट, टोकन तपासणी, हलके एपीआय यांना हे उत्तम. नेहमीच्या अर्थाने सर्व्हर हवा असेल तर हा मार्ग वेगळा आहे, म्हणून या लेखात त्याच्या खोलात जात नाही.

पायरी १: डिपेंडन्सींचे तीन ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रोजेक्टच्या सगळ्या डिपेंडन्सी (तुमचा कोड ज्यांवर अवलंबून आहे ती बाहेरची पॅकेजेस), म्हणजे तुम्ही टाकलेल्या आणि त्यांच्यामागून आलेल्याही, तीन ढिगांत वाटा.

पहिल्या ढिगात निव्वळ जावास्क्रिप्ट: तारखा, व्हॅलिडेशन, टेम्प्लेट, राउटर. ही पॅकेजेस तिन्हीकडे चालतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

दुसऱ्या ढिगात नोडच्या आतल्या गोष्टींना हात घालणारी पॅकेजेस. मॉनिटरिंगचे एजंट याचं ठळक उदाहरण. हे एजंट मोड्यूल लोड होत असताना मधे शिरतात आणि डेटाबेसच्या ड्रायव्हरभोवती, एचटीटीपीच्या फंक्शनभोवती आपलं आवरण चढवतात. रनटाइमने नोडसारखा एपीआय दिला तरी मोड्यूल लोड होण्याचा आतला मार्ग वेगळा असेल, तर ते आवरण चढतच नाही. वाईट गोष्ट अशी की एररही येत नाही. सेवा छान चालते, पडद्यावर फक्त ट्रेस, म्हणजे रिक्वेस्टच्या प्रवासाच्या नोंदी, कमी दिसतात. म्हणून चाचणी 'चालतं का' एवढ्यावर थांबवू नका. एक रिक्वेस्ट पाठवा आणि तिचा पूर्ण ट्रेस, डेटाबेसच्या क्वेरीसकट, पडद्यावर उमटतो का ते डोळ्यांनी पाहा. डेनोमध्ये ओपनटेलिमेट्री (ट्रेस गोळा करण्याची खुली पद्धत) रनटाइममध्येच बसवलेली आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न बराच हलका होतो.

तिसरा ढीग नेटिव्ह जोडण्यांचा, म्हणजे सी, सी++ किंवा रस्टमधून कंपाइल झालेली पॅकेजेस. इमेजचा आकार बदलणारं शार्प, पासवर्डसाठीचं बीक्रिप्ट, काही डेटाबेस ड्रायव्हर. शोधायची सोपी खूण अशी: नोड-मोड्यूल्स फोल्डरमध्ये '.नोड' या शेवटाच्या फाइली शोधा. जिथे सापडतील ती पॅकेजेस या ढिगात. त्यांतही दोन जाती आहेत. नोड-एपीआय या स्थिर इंटरफेसवर लिहिलेल्या जोडण्या सहसा तिन्हीकडे चालतात. डेनोला त्यासाठी प्रत्यक्ष नोड-मोड्यूल्स फोल्डर आणि नेटिव्ह कोड चालवण्याची परवानगी लागते. थेट व्ही८ च्या आतल्या फंक्शनना बोलावणाऱ्या जुन्या जोडण्या मात्र अडतात. बनमध्ये व्ही८ नाहीच. त्याच्या काही भागाची नक्कल बनने केली आहे, पण तिच्या भरवशावर प्रॉडक्शन उभं करू नये.

आता जवळून एक उदाहरण पाहू, कारण 'पॅकेज बदलून टाकू' हे बोलायला सोपं असतं. समजा तुम्ही बीक्रिप्टचं नेटिव्ह पॅकेज काढून बनमधली तयार पासवर्डची सोय वापरायला घेतली. डेटाबेसमधले जुने हॅश तिला वाचता येतात, टेस्ट हिरव्या होतात. पण बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेतं. नोडवरचं रुळलेलं पॅकेज त्यापुढचा भाग सोडून देतं. बन तसं करत नाही. ७२ बाइटपेक्षा लांब पासवर्ड आला तर तो आधी एसएचए-५१२ ने हॅश करतो आणि मग बीक्रिप्टकडे देतो. बनची पद्धत जास्त सुरक्षित आहे, पण जुन्या हॅशशी ती जुळत नाही. ज्यांचे पासवर्ड लांब आहेत तेवढ्याच लोकांचं लॉगिन बंद पडतं. आणि लांब म्हणजे फार लांबही नाही: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एक वर्ण ३ बाइट घेतो, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे देवनागरीत लिहिलेलं एखादं साधं वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं, की २४ वर्णांतच ७२ बाइट भरतात. टेस्टमधले पासवर्ड आठ-दहा इंग्रजी अक्षरांचे असल्यामुळे हे कधी दिसत नाही.

म्हणून तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक पॅकेजपुढे तीन रकाने करा: आहे तसं चालतं, बदलून चालतं, चालत नाही. 'बदलून चालतं' या रकान्यातल्या प्रत्येक पॅकेजसाठी प्रॉडक्शनमधल्या जुन्या डेटावर एक चाचणी लिहा. 'चालत नाही' मध्ये एक जरी नाव आलं आणि त्याला पर्याय नसला, तर तुमचा निर्णय झाला. पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

पायरी २: तुमच्या रिक्वेस्टचा वेळ कुठे जातो ते पाहा

एका नेहमीच्या रिक्वेस्टचा ट्रेस उघडा. समजा ती ५० मिलिसेकंदांची आहे: ४२ डेटाबेसची वाट पाहण्यात, ५ तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये, ३ एचटीटीपी वाचण्या-लिहिण्यात. रनटाइमची एचटीटीपी दुप्पट वेगवान झाली तर ५० चे साडेअठ्ठेचाळीस होतील. डेटाबेसमध्ये योग्य इंडेक्स घातला तर याच ५० चे १२ होऊ शकतात. अशा सेवेत वेगासाठी रनटाइम बदलणं हा मेहनतीचा चुकीचा वापर आहे. ट्रेसमध्ये रनटाइमचाच वाटा मोठा दिसला, उदाहरणार्थ हजारो छोटे वेबसॉकेट संदेश इकडून तिकडे फिरवणारी सेवा असली, तर मात्र बनची मोजणी करायलाच हवी. अशा कामात तो खरोखर पुढे असतो.

आता तो चारचा आकडा. नोडवर लॉगिनच्या वेळी पासवर्ड हॅश करायला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर चार थ्रेडचा पूल सेकंदाला जास्तीत जास्त ४० लॉगिन पुरे करतो. एकेचाळिसावा रांगेत. त्याच रांगेत फाइल वाचणाऱ्या रिक्वेस्ट उभ्या असतात, आणि डोमेनचं नाव शोधण्याची नेहमीची पद्धतही त्याच पूलमधून जाते. म्हणजे लॉगिनची गर्दी झाली की बाहेरच्या एपीआयला जाणारे कॉल विनाकारण मंदावतात, आणि सीपीयूच्या आलेखात तर काही वावगं दिसत नाही. 'नोड स्लो आहे' असा निष्कर्ष अशा वेळी पटकन काढला जातो. इलाज एवढाच, की सर्व्हरला कोअर असतील त्या मानाने यूव्ही-थ्रेडपूल-साइझ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाढवायचा. प्रोसेस सुरू होण्याआधी तो लावावा लागतो.

तुमच्याच कोडमध्ये जड हिशेब असेल, मोठी पीडीएफ बनवणं, लाखो ओळींची सीएसव्ही फोडणं, तर तिन्ही रनटाइमवर इव्हेंट लूप सारखाच अडतो. ते काम वर्कर थ्रेडमध्ये किंवा वेगळ्या सेवेत हलवा, आणि रनटाइमच्या निवडीतून वगळा.

पायरी ३: टाइपस्क्रिप्टची तुमची बोली कोणती

तिन्ही रनटाइम आता टाइपस्क्रिप्टची, म्हणजे जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणाऱ्या भाषेची, फाइल थेट चालवतात. पण चालवतात म्हणजे तपासतात असं नाही. टाइप काढून टाकून उरलेलं जावास्क्रिप्ट चालवलं जातं. तपासणीची कमांड वेगळी: डेनोमध्ये 'डेनो चेक', बाकी दोघांत नेहमीचा टाइपस्क्रिप्ट कंपायलर. ती सीआयमध्ये (कोड जोडताना आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) नसेल तर चुकीचे टाइप थेट प्रॉडक्शनपर्यंत पोचतील.

नोडमध्ये ही सोय २३.६ पासून, आणि २२ च्या मालिकेत २२.१८ पासून, कोणताही फ्लॅग न लावता मिळते. तिच्या मर्यादा मात्र कडक आहेत. एनम आणि कन्स्ट्रक्टरमध्येच प्रॉपर्टी घोषित करण्याची लकब चालत नाही, कारण या गोष्टी नुसत्या पुसून टाकता येत नाहीत, त्यांचा कोड तयार करावा लागतो. इम्पोर्टमध्ये फाइलचं पूर्ण नाव, शेवटच्या .टीएससकट, लिहावं लागतं. डेकोरेटरवर उभी असलेली नेस्टसारखी फ्रेमवर्क नोडवर आजही बिल्डची पायरी मागतात. बन ते डेकोरेटर स्वतः हाताळतो. नवा प्रोजेक्ट असेल तर टाइपस्क्रिप्ट ५.८ मधला 'इरेझेबल सिंटॅक्स ओन्ली' हा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करा, म्हणजे पुढे कुठेही गेलात तरी कोड अडणार नाही.

पायरी ४: परवानग्या आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट

डेनोचं खरं बळ इथे आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. परवानगी दिल्याशिवाय डेनोमधला कोड नेटवर्क, फाइल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कशालाही हात लावू शकत नाही. परवानगीही नेमकी देता येते: नेटवर्क, पण फक्त या डेटाबेसच्या होस्ट आणि पोर्टपुरतं. वाचन, पण फक्त या फोल्डरचं. एखाद्या आतल्या डिपेंडन्सीने गुपचूप बाहेर माहिती पाठवायचा प्रयत्न केला तर प्रोसेस तिथेच एरर देते.

पण दोन भोकं ध्यानात ठेवा. दुसरी प्रोग्राम फाइल चालवण्याची परवानगी दिली, तर तो प्रोग्राम डेनोच्या कुंपणाबाहेर चालतो. नेटिव्ह कोडचंही तसंच. आणि कंटाळून सगळ्या परवानग्या एकदम देणारा 'ए' फ्लॅग लावला, की कुंपण उरतच नाही. डेनो निवडण्याचं कारण सुरक्षा असेल, तर तो फ्लॅग डिप्लॉयच्या फाइलमध्ये येऊ न देण्याचा नियम टीमने करायला हवा.

नोडमध्येही परवानग्यांची सोय आली आहे. ती २० मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २३.५ मध्ये स्थिर झाली. डेनोइतकी बारीक मात्र ती नाही, आणि सांगून चालू करावी लागते. बनमध्ये असं कुंपण नाही.

इन्स्टॉल स्क्रिप्टचा मुद्दा वेगळा आहे. जुलै २०१८ मध्ये ईएसलिंट-स्कोप या पॅकेजची एक बाधित आवृत्ती एनपीएमवर आली होती. ती इन्स्टॉल होतानाच लोकांच्या मशीनवरचे एनपीएमचे टोकन चोरायची. कोड चालवायचीही गरज नव्हती. बन आणि डेनो दोघेही डिपेंडन्सींच्या अशा स्क्रिप्ट आपणहून चालवत नाहीत. विश्वासातल्या पॅकेजची यादी तुम्ही द्यायची. बन काही प्रसिद्ध पॅकेजेस आधीपासून विश्वासातली धरतो. नोडवर राहणार असाल तर एनपीएमच्या कॉन्फिगमध्ये इग्नोर-स्क्रिप्ट्स चालू करून हेच साधता येतं. ज्या एक-दोन नेटिव्ह पॅकेजना स्क्रिप्ट लागते त्यांना हाताने रीबिल्ड करा.

पायरी ५: सर्व्हरवरचे बारीक आकडे जुळवा

लोड बॅलन्सरच्या (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागे रनटाइम बदलताना सर्वाधिक त्रास टाइमआउट देतात, कारण प्रत्येकाचा मूळ आकडा वेगळा असतो.

नोडचा एचटीटीपी सर्व्हर रिकामं कनेक्शन वर्षानुवर्षं ५ सेकंदांनी बंद करत आला आहे. लोड बॅलन्सर बहुधा ६० सेकंदांपर्यंत ते कनेक्शन जिवंत धरतो. नोडने कनेक्शन बंद करणं आणि लोड बॅलन्सरने त्याच क्षणी त्यावर नवी रिक्वेस्ट टाकणं, हे दोन्ही एकत्र घडलं की वापरणाऱ्याला ५०२ हा एरर दिसतो. दिवसात दहा-वीस वेळा, कोणताही साचा नाही, लॉगमध्ये काही नाही. सर्व्हरचा कीप-अलाइव्ह (रिकामं कनेक्शन धरून ठेवण्याचा वेळ) लोड बॅलन्सरपेक्षा थोडा जास्त, ६५ सेकंद, ठेवला की हे थांबतं.

बनच्या स्वतःच्या सर्व्हरचा आयडल टाइमआउट मुळात १० सेकंद आहे. त्यात बारकावा असा, की हँडलर काम करत असला पण त्याने अजून एकही बाइट पाठवला नसला, तरी ते कनेक्शन रिकामंच धरलं जातं. महिन्याचा अहवाल तयार करायला १२ सेकंद घेणारा एंडपॉइंट नोडवर निवांत चालत असतो. बनवर आला की दहाव्या सेकंदाला तुटतो. हा आकडा २५५ सेकंदांपर्यंत वाढवता येतो किंवा बंद करता येतो. पण तो आहे हे आधी माहीत हवं. तुमचे सर्वांत संथ पाच एंडपॉइंट काढा आणि नव्या रनटाइमवर आधी तेच चालवून पाहा.

मग बंद होण्याची रीत. नवी आवृत्ती चढवताना कंटेनरला सिगटर्म, म्हणजे बंद होण्याचा, सिग्नल येतो. डॉकर त्यानंतर १० सेकंद थांबतो, कुबरनेटीस ३० सेकंद, आणि मग प्रोसेस मारली जाते. कंटेनरची पहिली प्रोसेस 'एनपीएम स्टार्ट' असेल तर सिग्नल तुमच्या कोडपर्यंत नीट पोचेल याची खात्री नसते. तेव्हा रनटाइमची कमांड थेट लिहा, सिगटर्म आल्यावर नव्या रिक्वेस्ट घेणं थांबवा, चालू असलेल्या पुऱ्या करा, डेटाबेस पूल बंद करा. लोड चालू असताना कंटेनर बंद करून पाहा आणि किती रिक्वेस्ट मधेच तुटल्या ते मोजा. हा आकडा शून्य आला पाहिजे.

पायरी ६: आता वेग मोजा

मोजायचा तो तुमचाच एंडपॉइंट, खऱ्या डेटाबेससह, प्रॉडक्शनइतक्याच सीपीयू आणि मेमरीच्या मर्यादेत. 'हॅलो वर्ल्ड' परत करणारा सर्व्हर मोजून फक्त एवढंच कळतं, की काहीच काम नसताना रनटाइम किती धावतो.

लोड कसा टाकता यावर निकाल फिरतो. बरीच साधनं आधीच्या रिक्वेस्टचं उत्तर आल्यावरच पुढची पाठवतात. सर्व्हर दोन सेकंद अडकला तर साधनही दोन सेकंद गप्प बसतं, आणि त्या वेळात ज्या शेकडो रिक्वेस्ट रखडल्या असत्या त्या हिशेबात येतच नाहीत. म्हणून ठरलेल्या गतीने, उत्तराची वाट न पाहता लोड टाकणारी पद्धत वापरा. के६ या लोड टाकणाऱ्या साधनात अरायव्हल-रेट प्रकारचे पर्याय त्यासाठीच आहेत. रोजच्या सर्वोच्च गर्दीच्या दीडपट गती धरा.

पहिली दोन-तीन मिनिटं सोडून द्या, जिट कंपायलर (कोड चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवणारा) तोवर गरम होत असतो. सरासरीपेक्षा पी९९, म्हणजे ९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात तो आकडा, पाहा. आणि एक चाचणी रात्रभर चालू ठेवा, मेमरीसाठी. दोन इंजिनांची मेमरी मोकळी करण्याची सवय वेगळी असते. दहा मिनिटांच्या चाचणीत कमी मेमरी घेणारा रनटाइम आठ तासांनंतरही तिथेच असतो का, हे रात्रभराच्या आलेखातच दिसतं. माझ्या मते या पायरीतली सर्वांत मोलाची चाचणी तीच.

सर्व्हरलेस (मागणी आली की तेवढ्यापुरता कोड चालवणारी सोय) वापरत असाल तर प्रोसेस सुरू व्हायला लागणारा वेळ वेगळा मोजा. तिथे बनचा झपाटा उपयोगी पडतो. पण एडब्ल्यूएस लॅम्डावर तयार रनटाइम नोडचाच मिळतो. बाकी दोघांसाठी कंटेनर किंवा स्वतःचा रनटाइम बांधावा लागतो, आणि तो अद्ययावत ठेवणं तुमच्या अंगावर येतं.

पायरी ७: मागे कोण उभं आहे

नोड ओपनजेएस फाउंडेशनकडे आहे, एका कंपनीच्या हाती नाही. त्याचं वेळापत्रक आतापर्यंत ठरलेलं आहे: सम क्रमांकाच्या आवृत्तीला दीर्घ आधार सुरू झाल्यापासून सुमारे ३० महिने दुरुस्त्या मिळतात. नोड २२ ला एप्रिल २०२७ पर्यंत, नोड २४ ला एप्रिल २०२८ पर्यंत. डेनोमागे त्याच नावाची कंपनी आहे, आणि त्याच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीचा काळ सहा महिने धरला गेला आहे. बन डिसेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने विकत घेतला. तिन्हींचा सोर्स कोड खुला आहे.

ज्या सेवेवर वर्षातून दोनदाच कुणाचा हात फिरतो, तिच्यासाठी ३० आणि ६ महिन्यांतला फरक फार मोठा आहे. टीम रोज त्या कोडमध्ये असेल तर तो तितकासा जाणवत नाही.

पायरी ८: निवड, आणि ती कशी उतरवायची

माझा कौल असा. कित्येक वर्षं चालणारी, बऱ्याच डिपेंडन्सी असलेली, अनेक हातांतून जाणारी सेवा नोडच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर ठेवा. गेल्या काही वर्षांत नोडमध्ये फेच, टेस्ट चालवण्याची सोय, फाइल बदलली की पुन्हा सुरू होणं, एन्व्हायर्नमेंट फाइल वाचणं हे सगळं आतच आलं आहे. ज्या गैरसोयींमुळे लोक बाहेर पडत होते त्यांतल्या बऱ्याच आता उरलेल्या नाहीत. डेटाबेस आणि सर्व्हरवरच्या देखभालीच्या स्क्रिप्ट, बाहेरून आलेला किंवा कमी विश्वासाचा कोड चालवणाऱ्या सेवा, यांना डेनो द्या. परवानग्यांमुळे रात्री झोप नीट लागते. नेटिव्ह जोडण्या नसलेली नवी, छोटी, रिअल-टाइम स्वरूपाची सेवा असेल आणि टीमला पटापट आवृत्ती वाढवायची सवय असेल, तर बन घ्या.

बन फक्त पॅकेज इन्स्टॉल करायला आणि सर्व्हर नोडवर, ही जोडी चांगली चालते आणि सीआयचा वेळ वाचवते. पण टेस्ट बनवर आणि प्रॉडक्शन नोडवर, असं करू नका. तुम्ही दुसऱ्याच इंजिनची परीक्षा घेत असता. आणखी एक गैरसमज: 'बन रन' ने एखादं साधन चालवलं म्हणजे ते बनवर चाललं असं नाही. त्या साधनाच्या फाइलच्या पहिल्या ओळीत नोडचं नाव असेल तर ते नोडवरच चालतं, बन असा वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय.

कोड लिहिताना परतीची वाट ठेवा. हँडलर वेब मानकातल्या रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सवर लिहा. होनोसारखं फ्रेमवर्क तिन्हीकडे आणि एजवरही चालतं, कारण ते याच पायावर आहे. नोडचे अंगभूत मोड्यूल आणताना 'नोड:' हा उपसर्ग लावा. बनचा स्वतःचा डेटाबेस क्लायंट किंवा डेनोचा फाइल एपीआय वापरायचाच असेल तर तो एका फोल्डरमध्ये, आपल्या छोट्या इंटरफेसमागे ठेवा. दुसऱ्या कुठल्याही फाइलमध्ये रनटाइमचं नाव आलं तर लिंटरने (कोडचे नियम तपासणाऱ्या साधनाने) ओरडलं पाहिजे.

चालती सेवा हलवताना आधी पार्श्वभूमीला चालणारा एखादा वर्कर न्या, जो चुकला तर काम पुन्हा रांगेत पडतं. तो दोन आठवडे पाहा. मग वेब सेवेचा ५ टक्के ट्रॅफिक. दोन्ही रनटाइमच्या इमेज एकाच कोडमधून बांधल्या जात राहू द्या, आणि एका व्हेरिएबलने मागे फिरता येईल अशी सोय ठेवा. मागे फिरण्याची तालीम ट्रॅफिक वाढवण्याआधीच एकदा करून घ्या.

रनटाइमची नेमकी आवृत्ती तीन ठिकाणी सारखीच लिहिलेली असू द्या: कंटेनरच्या बेस इमेजमध्ये, सीआयमध्ये आणि डेव्हलपरच्या मशीनसाठीच्या व्हर्जन फाइलमध्ये. बेस इमेजला 'लेटेस्ट' टॅग लावू नका. निवडलेल्या आवृत्तीचा आधार संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख टीमच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका. त्या नोंदीत पहिल्या पायरीतल्या तीन ढिगांच्या यादीचा दुवा द्या, कारण आवृत्ती वाढवताना पहिल्यांदा तीच उघडावी लागते.